चौदा ठिकाणं, एक सोमवार

पत्र: माझं वय 47. एकटीने प्रवास केला तो फक्त कामाचा, म्हणजे स्टेशन ते कचेरी आणि परत. पुढच्या महिन्यात प्रशिक्षणासाठी एका लहान, जुन्या शहरात जायचं आहे. प्रशिक्षण रविवारी संपतं आणि परतीची गाडी सोमवारी रात्री 9:10ची. अख्खा सोमवार माझा! सगळं दोन-अडीच किलोमीटरच्या आत आहे, पायी फिरता येतं असं ऐकलंय. मी चौदा ठिकाणांची यादी केली आहे. नवरा म्हणतो, बसची टूर घे, एकटी कुठे भटकणार. मुलगी म्हणते, दर तासाला फोटो पाठव. मला भीती आहे ती वेगळीच. दुपारपर्यंत सगळं बघून झालं आणि कंटाळा आला तर? एकटीने जेवायला बसायचं म्हटलं तरी मला कसंतरी होतं. की सरळ खोलीत पुस्तक वाचत पडू?

उत्तर:

तुमची यादी आणि तुमची भीती, दोघींचं आपसात पटत नाहीये. यादी चौदाची आणि धास्ती दुपारीच सगळं संपेल याची. आधी हिशेब करू.

सकाळी आठला बाहेर पडलात आणि संध्याकाळी सातला आवरतं घेतलंत तर हातात अकरा तास. त्यातून नाश्ता-जेवणाचा दीड तास काढा, सामान ठेवण्या-घेण्याचा अर्धा तास आणि टेकायला, पाणी प्यायला, स्वच्छतागृह शोधायला एक तास. राहिले आठ. चौदा ठिकाणी फक्त अर्धा-अर्धा तास दिलात तरी सात तास तिथेच गेले. उरलेल्या एका तासात तेरा वेळा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं, म्हणजे दर खेपेला पाच मिनिटंसुद्धा नाहीत, आणि तेही एकदाही रस्ता न चुकता. ही सहल नव्हे, ही तपासणी झाली.

तेव्हा यादीतली तीन ठेवा. कोणती ते तुम्ही ठरवा, मी फक्त माझी पद्धत सांगते. एक ठिकाण छपराखालचं: संग्रहालय, वाडा, प्रार्थनास्थळ, काहीही, म्हणजे ऊन किंवा पाऊस आला तर आसरा होतो. एक शहराच्या कडेचं: तटबंदी, नदीकाठ, टेकडी, जिथून गाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दिसेल. आणि तिसरं असं, की जे तुमच्याशिवाय घरातल्या कुणीही निवडलं नसतं. तुम्हाला जुनी कुलपं आवडत असतील तर कुलपं. एकटं जाण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तो लोक हमखास विसरतात. चौघांच्या सहलीत नेहमी तेच बघितलं जातं ज्याला कुणाचीच हरकत नसते.

उरलेल्या अकरा ठिकाणांचं काय? त्यातली निम्मी वाटेतच लागतील. शहर लहान आहे ना.

आता सोमवार. तुमच्या यादीत चार संग्रहालयं आहेत आणि जगभरातली कितीतरी संग्रहालयं सोमवारीच बंद असतात. शनिवार-रविवारी गर्दी, म्हणून सोमवारी सुट्टी, असा साधा व्यवहार. काही ठिकाणी सोमवारऐवजी मंगळवार असतो. प्रत्येक संग्रहालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघा आणि शक्य असेल तर फोनही करून विचारा, कारण नकाशाच्या ॲपवरच्या वेळा कुणीतरी कधीतरी भरलेल्या असू शकतात. ‘शेवटचा प्रवेश किती वाजता’ हेही विचारा. बंद व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधीच तिकीट खिडकी बंद करतात आणि दारावरच्या पाटीवर बहुतेकदा फक्त बंद व्हायची वेळ लिहिलेली असते.

चारही उघडी निघाली तरी एकच बघा. संग्रहालयात माणूस चालण्यापेक्षा जास्त दमतो हे काही तुमच्या-माझ्या वयाचं कौतुक नाही. बॉस्टनच्या कला संग्रहालयात काम करणारे बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी 1916 साली या शिणवट्यावर लेख लिहिला होता. काचपेटीतल्या वस्तू नीट बघायच्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या तर किती वाकावं, उकिडवं बसावं, मान वेळावावी लागते, हे त्यांनी एका माणसाला प्रत्यक्ष तसं करायला लावून, त्याचे फोटो काढून दाखवलं. शंभराहून जास्त वर्षं झाली, चिठ्ठ्या अजून गुडघ्याच्याच उंचीवर सापडतात. एका संग्रहालयात दीड तास, त्यातही आधी आवडीचं दालन, आणि पाय कुरकुरायच्या आत बाहेर.

तुमचं शहर पायी फिरण्यासारखं का आहे, हे थोडं सांगते, कारण त्यातूनच दिवस कसा आखायचा ते कळतं. जुनी शहरं चालणाऱ्यांनी, चालण्यासाठी बांधली. दुसरी सोयच नव्हती. चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने 1994 साली मांडलं, की माणूस रोज जाण्या-येण्यात साधारण एक तास घालवतो, मग वाहन कोणतंही असो. पायी तासाला पाच किलोमीटर धरले तर अर्ध्या तासात अडीच किलोमीटर होतात. म्हणून 1800 सालापर्यंतच्या मोठमोठ्या तटबंदीच्या शहरांचा व्याससुद्धा पाच किलोमीटरच्या आतच राहिला, असं त्याचं निरीक्षण. तुमचं शहर त्याच्याही निम्मं. मध्यावर उभं राहिलात तर कोणतीही कड वीस मिनिटांच्या आत आहे. म्हणजे तुम्ही फार हरवूच शकत नाही.

स्पेनमध्ये पोंतेवेद्रा नावाचं छोटं शहर आहे. तिथे 1999 पासून मध्यवस्तीतल्या मोटारी हटवत नेल्या आणि पुढे पायी जाणाऱ्यांसाठी एक नकाशा काढला, मेट्रोच्या नकाशासारखा दिसणारा, रंगीत रेषांचा. फरक इतकाच, की रेषेवर लिहिलेलं असतं इथून तिथे चालत किती मिनिटं. तुम्हीही तसाच एक कागद करा. मध्ये हॉटेल, बाजूला स्टेशन, तीन ठिकाणं आणि एक चौक, आणि मधल्या रेषांवर मिनिटं. ॲप जी मिनिटं सांगेल त्यांची दीडपट लिहा, कारण ॲप दुकानांच्या काचांसमोर थांबत नाही. हा कागद खिशात असला की फोन दहा वेळा काढावा लागत नाही.

फोनचं म्हणाल तर शहराचा नकाशा आदल्या रात्री वायफायवर उतरवून घ्या. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाच्या चित्राला लागतं, आणि चित्र आधीच फोनमध्ये असलं की झालं. अरुंद बोळांत मात्र निळ्या ठिपक्यावर विसंबू नका. उंच भिंतींवर आपटून उपग्रहाचे संकेत वाकडे येतात आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. तुम्ही चुकलात असं वाटेल, चुकलेला असतो ठिपका.

आता मला तुम्हाला सांगायचंय ते खरं. एक रस्ता निवडा आणि तो दोनदा चाला, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. लांबलचक नको, दहा-पंधरा मिनिटांचा पुरे. त्यासाठी यादीतलं एखादं ठिकाण कापावं लागलं तर खुशाल कापा.

कारण असं की, बरोबर कुणी असलं म्हणजे शहर आपल्या लक्षात राहतं ते बोलण्यामुळे. ‘तो दाढीवाला बघितलास का?’, ‘ते निळं दार काय होतं गं?’ अशी रात्री उजळणी होते. एकटीला ती सोय नाही. ती सोय दुसरी फेरी करते. सकाळी बघितलेलं संध्याकाळी पुन्हा समोर येतं आणि काय बदललं ते तुमचं तुम्हालाच कळतं.

माझा एक अनुभव सांगते. अशाच एका गावात सकाळी एका बोळातून गेले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, दार लोटलेलं आणि काचेवर हाताने लिहिलेली चिठ्ठी: ‘दहा मिनिटांत येतो’. कडेने पिवळी पडलेली, चिकटपट्टीचा एक कोपरा सुटलेला. संध्याकाळी सहाला परत आले तरी चिठ्ठी जागच्या जागी. आत मात्र दिवा होता आणि दिव्याखाली एक म्हातारे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून काम करत बसले होते. मी दार ढकलून चिठ्ठीकडे बोट केलं. ते उठले, बाहेर आले, चिठ्ठी लक्षपूर्वक वाचली आणि म्हणाले, ‘आतून दिसत नाही हो मला.’ आणि पुन्हा जाऊन बसले. चिठ्ठी काढली नाही. सकाळी एकदाच गेले असते तर माझ्या लेखी ते एक बंद दुकान होतं.

सकाळची फेरी होईल तितकी लवकर करा. आठच्या सुमाराला शहर स्वतःच्या कामात असतं. माल उतरतो, पायऱ्या धुतल्या जातात, मुलं शाळेला निघतात, आणि तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो. उगाच रिकामं फिरताना संकोच वाटतो ना, तो या वेळी सगळ्यात कमी वाटतो.

उन्हाचंही एक गणित आहे. आपण पृथ्वीच्या उत्तर अर्ध्या भागात असलो तर दुपारी सूर्य बहुतेककरून दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यावर दक्षिणेकडच्या घरांची सावली त्यांच्याच पदपथावर पडते. दुपारी त्या बाजूने चाला. उन्हाळ्यात भर बाराला सावली फारशी नसते, तेव्हा छपराखालचं ठिकाण काढा.

पायांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे मी स्वतः आपटले आहे. नव्या चपला घालून निघाले होते, छान दिसत होत्या. साडेअकराला टाच चुरचुरायला लागली, म्हटलं होईल सवय. साडेबाराला फोड आला. औषधाचं दुकान शोधत लंगडत गेले तर दुपारच्या सुट्टीचं बंद. त्या शहराबद्दल मला आज कुणी विचारलं तर त्या शटरचा रंग सांगू शकेन, करडा, बाकी फारसं काही नाही. फोड येतो तो कातडी घासली गेल्याने, आणि घामाने ओली झालेली कातडी जास्त लवकर घासली जाते. म्हणून निदान दोन-तीन आठवडे वापरलेले बूट, मोजे, आणि पिशवीत मोज्यांचा दुसरा जोड. दुपारी बाकावर बसून मोजे बदला, कोण बघतं? चुरचुर जाणवली की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावा, पुढच्या चौकापर्यंतसुद्धा वाट बघू नका. दिवसभरात बारा-चौदा किलोमीटर चाल सहज होते आणि जुन्या शहरातली फरसबंदी सपाट नसते.

सामान. चेकआउट सकाळी असेल तर बॅग रिसेप्शनवर ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी ठेवतात. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवणार असाल तर ती किती वाजता बंद होते ते आधी विचारा. गाडी 9:10ची आणि क्लोकरूम आठला बंद, असं होऊ शकतं. मौल्यवान वस्तू, औषधं आणि ओळखपत्र अंगावरच्या पिशवीत ठेवा. पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवा.

जेवणाचं कसंतरी होतं म्हणालात. बऱ्याच जणांना होतं आणि कुणी सांगत नाही. दिवसातलं मोठं जेवण दुपारीच घ्या आणि गर्दीच्या अर्धा तास आधी जा. रिकाम्या खाणावळीत एकट्या माणसाला चांगली जागा मिळते, भरलेल्या खाणावळीत मुदपाकखान्याच्या दाराजवळची. आत शिरताना ‘एकटीच आहे’ असं नका म्हणू, त्यात माफी येते. ‘एकासाठी, खिडकीजवळ’ म्हणा. समोर रस्ता दिसेल असं बसा, मग बघायला काहीतरी असतं आणि हात कुठे ठेवावेत हा प्रश्न सुटतो. फोनमध्ये डोकं घालून बसलं की उलट जास्त एकटं वाटतं, निदान मला तरी. पहिली पाच मिनिटं अवघड जातील. पदार्थ समोर आला की सगळं विसरायला होतं.

तुमच्या यजमानांचं निम्मं बरोबर आहे. बस नको. जुन्या गावाच्या बोळांत ती शिरत नाही, बाहेर उतरवते आणि वीस मिनिटांत परत बोलावते. पण स्थानिक माहितगाराबरोबरची दीड-दोन तासांची पायी फेरी मिळाली तर सकाळी ती जरूर घ्या. गावाची मांडणी डोक्यात बसते, आणि पुढे कुठे जाऊ नये हे विचारायला एक माणूस मिळतो. तशी फेरी नसेल तर पर्यटन माहिती केंद्रात जा. तिथल्या कागदी नकाशावर त्यांच्याच पेनाने खूण करून घ्या, आणि ‘अंधार पडल्यावर कोणता भाग टाळू?’ हे स्पष्ट विचारा. बाईमाणसाने हे विचारलं तर ती भित्री ठरत नाही.

त्याच ओघात सुरक्षिततेचं. यजमानांना तुमचा मिनिटांचा कागद फोटो काढून पाठवा आणि दिवसातल्या दोन वेळा ठरवा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात, ज्या वेळी तुम्ही कळवाल. दर तासाला नको, एक संदेश चुकला की घरी गोंधळ. चार्जिंगचा डबा बरोबर ठेवा. हॉटेलकडून टॅक्सीचा भरवशाचा नंबर उजेडातच घेऊन ठेवा. रस्ता बघायचा असेल तर चौकात मधोमध फोन काढून उभं राहू नका, एखाद्या दुकानात शिरा आणि तिथे बघा. कुणी नको तितकी विचारपूस करायला लागलं तर ‘माझी माणसं पुढे थांबली आहेत’ हे वाक्य तयार असू द्या. हे खोटं बोलायला माझी पूर्ण परवानगी आहे. आणि एखादी गल्ली नुसतीच बरी वाटली नाही तर कारण शोधत बसू नका, वळा.

मुलीचे फोटो. लिंडा हेन्केल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एका कला संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या बघायला सांगितल्या. 2014 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. गंमत अशी, की वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला तर ही विसराळू करामत झाली नाही. तेव्हा मुलीला दिवसाला पाच फोटो कबूल करा, पण सगळे जवळून काढलेले. दाराची कडी, झिजलेली पायरी, असे. अख्ख्या इमारतीचा फोटो तिला कुठेही मिळेल.

राहिला कंटाळा. तो येईल. दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान येईल, जेवण झालेलं असेल, पाय जड असतील, आणि ‘आपण इथे काय करतोय’ असं वाटेल. त्या वेळी काही नवीन बघायला जाऊ नका, यादी तर अजिबात उघडू नका. चौकातला बाक किंवा बागेतली सावली गाठा आणि अर्धा-पाऊण तास बसा. वाटलं तर घरच्या कुणालातरी पत्र लिहा, पोस्टकार्डावर. साडेचारनंतर ऊन कलतं, दुकानं पुन्हा उघडतात आणि तुम्हीही उठता. मग नदीकाठ किंवा तटबंदी, आणि तिथून सहाच्या सुमाराला तो सकाळचा रस्ता.

सातला जेवण नको, काहीतरी हलकं बांधून घ्या. आठपर्यंत बॅग हातात आणि साडेआठला स्टेशनवर.

पुस्तक न्या की, मी कुठे नाही म्हणते. पातळ न्या पण. जाड पुस्तकाचं वजन सकाळी कळत नाही, दुपारी तीनला कळतं.